आईचा एकुलता आधार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्याने ही म्हण काढली, त्याच्या बोटांवर कुणी दार आपटलं नसावं.

काजवालीच्या बोटांवर आपटलं होतं. बावीस वर्षं शर्टांना काजं करणारी बाई. कारखान्यातल्या बाया म्हणायच्या, "हिच्या काजातून बटण आपणहून निसटलं, तर समजा हिचा नवराही सुधारला!" दोन्ही गोष्टी कधी घडल्या नाहीत. एका सकाळी ती कामाला निघाली, हात चौकटीवर होता. "जा बघू आता कामाला," नवरा म्हणाला आणि त्याने दार आपटलं. उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. आता ती काजं करत नाही. खाली बसून, शिवून झालेल्या शर्टांचे धागे कापते.

खालच्या कोर्टाने नवऱ्याला तीन वर्षं दिली. त्याने अपील केलं. चौदा महिने आत काढून झालेच होते. दुखापत मुद्दाम केली नाही, चुकून झाली असं ठरलं, तर तो आठवड्याच्या आत खोलीवर हजर झाला असता. काजवालीला कायद्यातलं एवढंच कळत होतं, आणि झोप उडायला तेवढं पुष्कळ होतं.

सात तारखा फुकट गेल्या. आठव्या तारखेला एकदाची केस पुकारली.

"दार वाऱ्याने आपटलं," नवऱ्याचा वकील म्हणाला. "माझ्या अशिलाचं लक्ष नव्हतं. फार तर निष्काळजीपणा म्हणा. हेतू कुठाय?"

'जा बघू आता कामाला' हे शब्द एकट्या काजवालीने ऐकलेले. सासू घरातच होती, पण "मी न्हाणीत होते, नळ चालू होता," असं तिने तेव्हाच सांगून हात झटकले होते. आता त्याच्या मनात काय होतं ते सिद्ध करा म्हणे! बाईच्या अंगावर उमटलेलं पुरत नाही, त्याचं मनही हिनेच उघडून दाखवायचं.

सरकारी वकीलबाईंनी जुना पंचनामा काढून वाचला. "दार जमिनीला घासते. दोन्ही हातांनी उचलून लावावे लागते."

लिहिणाऱ्या हवालदाराने त्या दिवशी स्वतः दाराशी कुस्ती केली असणार, त्याशिवाय असलं कोण लिहितं? काजवाली ते दार रोज उचलायची. कुणी विचारलं नाही, म्हणून तिला सांगायचं सुचलं नव्हतं.

"वारा दार उचलत नाही," जज्जसाहेब म्हणाले. हेतू शाबूत राहिला.

तिने श्वास सोडला, तोच वकिलाने आवाज मऊ केला. "निदान शिक्षा तरी कमी करा, साहेब. म्हातारी विधवा आई आहे. हाच तिचा एकुलता आधार."

ती म्हातारी विधवा आई काजवालीला खेटूनच बसली होती. चौदा महिने तिच्याच हातचं खात होती, आणि आज जिना चढताना तिचाच खांदा धरून आली होती.

"आई आल्यात?" जज्जसाहेबांनी विचारलं. "तुम्हाला कोण सांभाळतं?"

म्हातारी उठली. सुनेकडे न बघता म्हणाली, "मुलगाच, साहेब."

वकीलबाई उसळल्या. "साहेब, ह्या तर फिर्यादीकडेच राहतात!" जज्जसाहेबांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं. तीन वर्षांची दोन झाली. उरले दहा महिने.

दोघी जिना उतरू लागल्या.

"पोटचा आहे गं," सासू म्हणाली.

"माहीत आहे."

"रागावलीस?"

"रागवायला अंगात जोर लागतो, आई. पण ऐकून ठेवा. तो सुटायच्या आत मी खोली बदलणार. पत्ता तुम्हाला देणार नाही. तुमचा आधार तुमच्याकडे येईल."

म्हातारी कठडा धरून थांबली. "आणि माझ्या गोळ्या?"

"सकाळी पांढरी. रात्री पिवळी आणि अर्धी गुलाबी."

"मला मेलीला कुठलं लक्षात राहतंय?"

"दहा महिने आहेत," काजवाली म्हणाली. पिशवीतून गोळ्यांची डबी काढून तिने सासूच्या मुठीत ठेवली. "आजपासून तुम्हीच काढून घ्यायच्या. मी नुसती बघेन."