सात पदरांतून गेलेली सुई

टीपताईंना हातशिलाईबद्दल कधी आदर नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाईंना लहानपणापासून गोधड्यांचं वेड असणार. एका मोठ्या रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत त्या एकतीस वर्षं शिलाई मशीनवर बसल्या. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, रोग्यांचे मागून नाड्या बांधायचे अंगरखे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांनी मारलेली टीप इतकी सरळ असे की खोलीतल्या बायकांनी त्यांचं नावच टीपताई पाडलं आणि ते गल्लीपर्यंत पोचलं. कुणी हाताने काही शिवताना दिसलं की त्या म्हणायच्या, ‘ज्याला वेळ जात नाही त्याने हातात सुई घ्यावी.’

निवृत्तीनंतर मात्र त्यांचा वेळ छान जाऊ लागला, कारण घरामागे एक अंगण होतं. फार मोठं नव्हे, दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरणार नाही एवढंच. पण त्यात एक तुती, एक अंजीर, भिंतीलगत जाईचा वेल आणि पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं. लोक उन्हाळ्याच्या नावाने बोटं मोडतात; टीपताईंना उन्हाळाच आवडे. ऊन चढायच्या आत झाडांना पाणी घालायचं, ओल्या मातीचा वास घेत तुतीखाली पडलेली फळं वेचायची आणि खारीशी भांडायचं. खार पिकलेली तुती अर्धी खाई, उरलेली खाली टाकून देई. ‘संपवता येत नाही तर घ्यायची कशाला?’ हे वाक्य मुलगी लहान असताना तिच्या ताटाकडे बघून म्हटलं जाई, आता खारीच्या वाट्याला आलं होतं. दुपारी मागच्या व्हरांड्यात पडदा सोडून थंड फरशीवर पाय सोडून बसायचं. शेजारी नवरा वर्तमानपत्र वाचत असत. वाचत म्हणजे तपासत. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती, त्यामुळे हातात पेन्सिल नसेल तर त्यांना बातमी कळत नसे. गल्लीतले लोक पाठीमागे त्यांना ‘काना-मात्रा’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांची हरकत एवढीच होती की त्यात वेलांटी राहून गेली आहे.

यंदा उन्हाळा लागायच्या तोंडावर, शेवाळ धरलेल्या फरशीवर टीपताईंचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो त्यांना भाड्याने आणल्यासारखा वाटला. मूठ वळेना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ येत, पण दोघांचं भांडण झाल्यासारखी, धरायचं काही नाव नाही. बोटांची टोकं बधिर. सकाळी गाऊनची बटणं नवरा लावून देत आणि मुद्रितातली एक चूक न सोडणारा हा माणूस रोज एक बटण चुकवून पुढच्या काजात घाली.

मुलगी विमा कंपनीच्या कचेरीत होती. दिवसभर लोकांच्या जोखमी तोलून तोलून तिला घरातही जोखीमच दिसे. फरशी ही जोखीम, पायरी ही जोखीम, गॅसवरचं उकळतं दूध ही तर जोखमीची राणी. ती म्हणाली की आता दोघांनी तिच्याकडे यावं. चौथा मजला, लिफ्ट आहे, घसरायला अंगण नाही. मुलीचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एका हाताची बाई आणि पाणी उकळायला ठेवून अग्रलेखातल्या चुका शोधत बसणारा म्हातारा, यांच्या भरवशावर घर कसं सोडायचं?

“दोन महिने दे,” टीपताई म्हणाल्या. “हात चालला तर इथंच. नाही चालला तर तुझ्याकडे येऊ, आणि मग मी एका शब्दाने कुरकुर करणार नाही.”

मुलीला आईचा शब्द माहीत होता. तिने मान डोलावली आणि कॅलेंडरवर तारखेला खूण केली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, तो रोज शंभर वेळा दाबायचा. टीपताईंनी तीन दिवस दाबला. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या की एकतीस वर्षांत आपण हाताला कामाशिवाय कधी हलवलं नाही. त्याला वाटत असेल, बाईंना वेड लागलं. मशीनवर बसण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे शिवतं मशीन, हात नुसतं कापड सरकवतो. हाताकडूनच काम करून घ्यायचं तर सुईला पर्याय नाही. रुग्णालयातून मोडीत निघालेल्या तीन चादरी कपाटात होत्या. त्या मध्ये घातल्या, खालून मऊ अस्तर, वर जुन्या कपड्यांचे चौकोन. हे चौकोन जोडणं डाव्या हाताने मशीनवर कसंबसं उरकलं. आता पाचही पदर एकत्र धरून ठेवणारे टाके तेवढे हाताने घालायचे होते. जन्मभर जिला नाकं मुरडली तीच हातशिलाई आता मिनतवारीने करायची.

आठवडाभर नुसती फजिती झाली. धावदोरा घालताना सुई सतत चिमटीत लागते. टीपताईंची चिमूट तिसऱ्या टाक्याला सुटायची. सुई खाली, मग ती शोधा, डाव्या हाताने ओवा, पुन्हा तीन टाके, पुन्हा सुई खाली. दोरा कुठे ताणलेला, कुठे लोंबणारा. नवऱ्याने चष्मा वर करून काम पाहिलं आणि म्हणाले, हा धावदोरा नाही, लंगडीदोरा आहे. टीपताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी वर्तमानपत्र आडवं धरलं. मग टीपताईंनी सगळे टाके उसवले. चूक ठेवून पुढे जायचं त्यांच्या रक्तात नव्हतं.

उसवलेल्या दोऱ्यांचा पुंजका व्हरांड्याच्या कठड्यावर राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक पक्षी आला. अंगठ्याएवढा, हिरवट, शेपटी ताठ उभी, डोकं तांबूस. त्यातला एक दोरा त्याने चोचीत धरला आणि थेट अंजिरावर नेला. नवरा हलक्या आवाजात म्हणाले की हा शिंपी. टीपताई म्हणाल्या, “शिंपी कसला, शिंपीण असणार. काम तीच करतेय.”

चहा निवला तरी त्या हलल्या नाहीत. अंजिराचं एक रुंद पान त्या पाखराने दोन्ही कडांनी जवळ आणलं होतं. कडेला चोचीने भोक पाडायचं, त्यातून दोरा आत सारायचा, बाहेरच्या बाजूला त्याचं टोक पिंजून फुगायचं आणि गाठीसारखं अडकून बसायचं. झालं. मग उडायचं, दम खायचा, दुसरा दोरा आणायचा, पुढचा टाका. एका टाक्यातून दुसऱ्यात दोरा ओढत न्यायचा तिला सोसच नव्हता. प्रत्येक टाका आपापल्या जागी बांधलेला. एक सुटला तर बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही.

“अहो, पट्टी आणा,” टीपताई म्हणाल्या. “आणि तुमची पेन्सिल.”

नवऱ्याने गोधडीवर पट्टीने ठिपके मारून दिले, आडवे वीस, उभे अठ्ठावीस, एकूण पाचशे साठ. एकही ठिपका रांगेबाहेर नाही. त्या कामात ते इतके रमले की दोन दिवस वर्तमानपत्राला कुणी हात लावला नाही. आता रीत अशी ठरली: तळहातावर चामड्याचा तुकडा बांधायचा, सुई ठिपक्यावर टेकवायची, तळहाताने आत रेटायची, जरा पलीकडे वर निघालेलं टोक डाव्या हाताने ओढायचं, एक गाठ मारायची, दोरा कापायचा. गाठ मारताना मात्र उजव्या चिमटीने एक टोक धरलंच पाहिजे, दात लावायचे नाहीत. हा नियम टीपताईंनी स्वतःच स्वतःला घालून दिला होता. पहिल्या दिवशी चार टाके झाले. दुसऱ्या दिवशी तीन, कारण हात सुजला. दहाव्या दिवशी नऊ. दुपारी दुखणं मनगटातून कोपरापर्यंत चढे, तेव्हा त्या हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसत आणि अंजिराकडे बघत. पान आता पिशवीसारखं झालं होतं, आणि त्यात कापूस, केस, आणखी काय काय जात होतं. शिंपीण पुढे होती. टीपताईंना ते आवडलं नाही.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी मुलगी न कळवता आली. घंटा वाजली तेव्हा नवरा न्हाणीघरात होते. टीपताई व्हरांड्यात स्टुलावर बसून, गोधडीचा कोपरा मांडीवर घेऊन टाका घालत होत्या. आले आले म्हणत त्या उठल्या, आणि गोधडीही त्यांच्याबरोबर उठली. दोन पावलं गेल्यावर ती स्टुलाच्या पायात अडकली, स्टूल आडवं झालं, दोऱ्याचा डबा घरंगळला आणि टीपताईंनी दाराची चौकट धरली म्हणून वाचल्या. तोवर मुलगी मागच्या फाटकातून आत आली होती. तिच्या हातात कलिंगड होतं. ते तिने हळूच खाली ठेवलं, ते ठेवण्यावरूनच पुढे काय येणार ते कळत होतं.

आईने गोधडी स्वतःच्या गाऊनला शिवून टाकली होती. नुसती गाऊनला नाही, आतल्या परकरालासुद्धा.

मुलगी हसली नाही. ती म्हणाली, “आई, सुई मांडीत गेली असती तरी तुझ्या बोटांना कळलं नसतं.”

हे खरं होतं. टीपताई भिंतीला टेकून बसल्या. मुलगी बोलत राहिली: दोन महिन्यांचा हट्ट पुरे झाला, उद्या पडलीस तर कंबर मोडेल, मी तिकडे फोन वाजला की दचकते. बोलता बोलता तिने कात्री घेतली आणि टाका कापायला वाकली.

“थांब. कापू नकोस, आधी मोज.”

“काय मोजू?”

“पदर मोज.”

मुलीने वैतागून कापड चिमटीत धरलं. वरचा चौकोन, तीन चादरी, अस्तर. पाच. गाऊन, सहा. परकर, सात. ती थांबली. पुन्हा एकदा बोटाने चाचपलं.

“महिन्याभरापूर्वी मला एका चादरीतून सुई घालता येत नव्हती,” टीपताई म्हणाल्या. “मूर्खपणा झाला, ते मान्य. पण हा मूर्खपणा करायलाही जोर लागतो.”

तेवढ्यात नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, एकूण प्रकार बघून म्हणाले की चुकीच्या जागी पडलं असलं तरी अक्षर ठळक आहे. त्यावर मुलीला हसू आलंच. पण तिने तारीख सोडली नाही. ठरल्याप्रमाणे अजून साडेतीन आठवडे, आणि मांडीवर भाजी कापायची लाकडी फळी घेतल्याशिवाय सुई हातात धरायची नाही. टीपताईंनी दोन्ही अटी कबूल केल्या.

फळीवर काम भराभर होऊ लागलं. पंधरा, अठरा, एका दिवशी बावीस. बटणं आता त्या स्वतः लावत, वेळ लागे, पण आपापल्या काजात लागत. अंजिरातून एके सकाळी बारीक चिवचिव ऐकू आली, तेव्हा पाणी घालायची झारी त्या उजव्या हातात घेऊन निघाल्या होत्या हे नवऱ्याच्या लक्षात आलं. त्यांनी डोकं पुन्हा वर्तमानपत्रात घातलं. नजर लागू नये म्हणून नव्हे, तर चालू वाक्यात स्वल्पविराम घालू नये म्हणून. सगळंच काही परत आलं नाही. व्यायामाच्या बाईंनी तपासून सांगितलं की करंगळी अशीच बधिर राहील. टीपताई म्हणाल्या, तिने आजवर तरी काय मोठे दिवे लावले होते.

तारखेच्या दिवशी चारशे एकवीस ठिपके झाले होते. एकशे एकोणचाळीस बाकी. टीपताईंना ते डाचत होतं. काम अर्धवट दाखवायची त्यांना सवय नव्हती. मुलगी आली. तिने कलिंगड चिरलं, बिया वेगळ्या काढून कठड्यावर खारीसाठी ठेवल्या, मग हात धुऊन आईच्या शेजारी खाली बसली.

“दे, थोडे मी घालते.”

तिने सुई तिरकी धरली, जशी माणसं पेन धरतात. दोरा ओढताना कापडाला चुण्या पडल्या. टीपताईंनी काही क्षण सहन केलं. मग उजव्या हाताने मुलीचं मनगट धरलं आणि सरळ केलं.

“खाली रेट. सरळ. कोपर अंगाला लाव.”

“आई, हळू. दुखतंय.”

दोघींनीही त्या हाताकडे पाहिलं. मुलीच्या मनगटावर आईच्या चार बोटांच्या खुणा उमटत होत्या. पाचवी, करंगळी, बाजूला राहिली होती. टीपताईंनी पकड ढिली केली नाही.

“लक्ष सुईकडे,” त्या म्हणाल्या.

मुलीने टाका घातला. गाठ मारली. तो अगदी ठिपक्यावर पडला नाही, जरा डावीकडे गेला. नवऱ्याने पेन्सिल उचलली, मुलीकडे पाहिलं आणि परत ठेवली. असे सात टाके झाले, त्यातले दोन टीपताईंनी उसवून घेतले. ऊन कठड्यावरून खाली उतरलं तेव्हा मुलगी उठली, पर्स घेतली, चपला घालून पुन्हा आत आली.

“पुढच्या रविवारी येते. उरलेले एकटीने उरकून टाकू नकोस.”

“ये,” टीपताई म्हणाल्या. “पण नऊला. ऊन चढल्यावर मी सुई धरत नाही.”