तिन्ही मीटर वाजले

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी पहिला मल्टिमीटर घ्यायला गेलो, तेव्हा हौसेने रेडिओ दुरुस्त करणारे एक आजोबा तिथे मीटर निवडत होते. वायर सलग असली की मीटर वाजतो. आजोबा मीटरच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवत, मीटर कानाशी धरत आणि नाराजीने परत ठेवत.

तिसऱ्या मीटरला दुकानदार म्हणाला, "काका, मीटर हवाय की भोंगा?"

आजोबांनी मला हळूच विचारलं, "खरं सांगा, वाजले का?"

मी मान डोलावली.

"तिन्ही?"

मी पुन्हा मान डोलावली.

त्यांनी वायरी नीट गुंडाळल्या. "मग तुम्ही हा घ्या. याची टोकं मजबूत आहेत," म्हणाले आणि रिकाम्या हाताने निघून गेले.

आमच्या गावच्या शाळेत मीटर कपाटातच बंद असायचा. मीटर कसा निवडायचा, हे मला त्या आजोबांनी शिकवलं. मीटर वाजलेच नाहीत, असं मी त्यांच्याशी खोटं बोलायला हवं होतं का, हे अजून कळत नाही.