रुईच्या पानांची माळ

निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाला, गटाराकडेला रुईचं एक झाड होतं. ऐंशी सालाच्या आसपास गल्लीत स्लॅबची घरं उठली, बाकीचं रान गेलं, तेवढं राहिलं. पालिकेची माणसं तोडायला आली तेव्हा वखारीतल्या आप्पांनी ‘मारुतीचं झाड हाय’ म्हणून त्यांना परतवून लावलं होतं.

हे आप्पा तंबाखूच्या वखारीत कामाला. नाव मी कधी विचारलं नाही. दर शनिवारी सुटी झाली की मारुतीच्या माळेसाठी ते रुईची पानं काढायला येत. आधी आमच्या नळावर राखेनं कोपरापर्यंत हात घासत, हुंगून बघत, पुन्हा घासत. माझ्या बायकोला त्यांच्या भक्तीचं भारी कौतुक. मग आप्पा एकेक पान उलटं करून बघत. खाली फुलपाखराची पट्ट्यापट्ट्यांची अळी दिसली की पान तसंच सोडत आणि म्हणत, “बस रं, जेव.”

एका शनिवारी झाड अळ्यांनी भरलेलं. जेमतेम चार-पाच पानं मिळाली.

“आप्पा, ही माळ देवाच्या गळ्याला कशी पुरंल?” मी विचारलं.

“मनगटाला बांधतो की.”

मीही सोबत देवळात गेलो. पायरीवर आप्पांनी चंची काढली, तंबाखू मळून दाढेला धरली आणि त्याच हातानं माळ देवाच्या मनगटाला बांधली. “आप्पा, हात न धुता?” मी विचारलं.

“निपाणीचा देव हाय,” ते शांतपणे म्हणाले. “त्याला तंबाखू बाधत न्हाय. पानावरच्या त्या लेकरांस्नी बाधती.”