झऱ्याचा संदर्भ

कोळवण खोऱ्यातल्या आमच्या शाळेत मी आठवीला प्रकल्प कसा करायचा ते शिकवते, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतते. माहिती कुठून घेतली ते लिहा म्हटलं, की अख्खा वर्ग लिहितो, ‘गुगलवरून’. एकाने तर माहितीबरोबर ‘अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा’ हेही सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं होतं, वर लाल शाईने अधोरेखित करून. रागवावं तरी किती? पालकांना, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या शिक्षकांनाही, यात काही चुकतंय असं वाटतच नाही.

गेल्या वर्षी मी प्रकल्पासाठी मोबाइल बंद केला आणि विषय दिला, गावातलं पाणी. विहिरी, ओढे, झरे. माणसांना विचारा, त्यांच्यासमोर टिपून घ्या, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. ज्याला आधार नाही ते लिहायचं नाही, हे मी इतक्यांदा बजावलं की पोरं माझी नक्कल करायला लागली.

एका मुलीने मात्र ते मनावर घेतलं. तिची आई एका फार्महाउसवर झाडलोट करते. त्या फार्महाउसच्या कुंपणात गेलेला झरा पूर्वी सगळ्या वाडीचा होता, उन्हाळ्यात बायका तिथूनच पाणी भरायच्या, हे तिने शेजारच्या आबांकडून काढून घेतलं. कोणत्या बांधावरून वाट जायची तेसुद्धा. सगळं चोख, आबांच्या नावानिशी. तिचा गावच्या नकाशाचा तक्ता पौडच्या तालुका प्रदर्शनासाठी निवडला गेला. मला वाटलं, चला, एक तरी पोर तयार झालं.

आठवडा गेला नाही तोच आबा शाळेत हजर. झऱ्याशेजारचा तुकडा त्यांनी विकायला काढला होता. वाडीची वाट तिथून होती असं कुठं लिहून आलं तर गिऱ्हाईक माघारी जाईल, ही त्यांची भीती. मी परोपरीने समजावलं की हा पोरांचा तक्ता आहे, कोर्टाचा कागद नाही. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, माझं नाव घालायचं असल, तर मी काय बोललोच न्हाई.”

मुख्याध्यापकांनी तोडगा काढला, ‘एक ज्येष्ठ ग्रामस्थ’ असं लिहा. नेमकं असलं बिननावी लिहिणंच मी वर्षभर खोडत आले होते. मी मुलीला म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी विचार. ती सगळी वाडी फिरली. ज्यांनी जमिनी विकल्या होत्या त्यांना आठवेना, आणि ज्यांना विकायच्या होत्या त्यांनाही आठवेना. आईचं नाव घालावं, तर तिचं काम जायचं. माझ्या जिवाचा नुसता तळतळाट झाला. खऱ्या गोष्टीला अख्ख्या वाडीत एक वाली मिळू नये?

प्रदर्शनाच्या दिवशी बघते तर तक्त्यावर झराच नाही. त्या जागी नुसता हिरवा रंग. मी विचारलं, तर म्हणाली, “आधार न्हाई त्याला, मॅडम. तुमीच सांगितलं व्हतं.” परीक्षकांनी तिच्या संदर्भांचं तोंडभरून कौतुक केलं. अशी शिस्त हल्ली दिसत नाही, असं मलाही ऐकवलं. तो तक्ता टराटरा फाडावा असं मला वाटत होतं.

दुपारी आबा आले. तहसील कचेरीत जमिनीच्या कामाला आले होते, वाडीतल्या पोरीचं कौतुक बघावं म्हणून डोकावले. एकेक विहीर बोटाने ओळखत गेले आणि हिरव्या रंगावर येऊन थांबले.

“हितला झरा ऱ्हायला की, पोरी.”

तिने दप्तरातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, “व्हय आबा. कोण म्हणलं म्हणून लिहू?”

आबांनी तक्त्यावरचं बोट मागं घेतलं.