चौदा रोपं आणि दोन वेल

रविवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी शिवबाई शेजारच्या महादेवप्पाच्या परसात उकिडवी बसून कोबीच्या रोपाचा उरलेला देठ चिमटीत फिरवून बघत होती. डिसेंबर १९७४. अंगाला झोंबणारा गारठा होता. पदर कानांवरून घट्ट ओढलेला. बाभळीच्या फांद्यांच्या कुंपणाबाहेर तिची शेळी काबरी बांधलेली होती आणि मालकिणीकडं बघून अधूनमधून ओरडत होती.

आज दुपारपर्यंत काबरीला गल्लीतून हलवायचं, नाहीतर कोंडवाडा, असं महादेवप्पानं बुधवारी नळावर जाहीर केलं होतं. वीस घागरींची रांग ऐकत होती.

"सोळा ठिकाणी तोंड घातलंय हिच्या शेळीनं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

त्यानं बघितलं होतं ते एकदाच. सोमवारी काबरीच्या तोंडात घेवड्याचा वेल होता. बाकीचं त्यानं जोडून घेतलं.

दुष्काळाच्या साली मोहोळच्या भावानं चाऱ्यावाचून सोडून दिलेली ही शेळी शिवबाईनं दोन दिवस चालवत सोलापूरला आणली होती. नळाला दोनच घागरी मिळायच्या, त्यातलं पाणी तिला पाजून जगवली होती. नवरा वारल्यावर एकोणीस वर्षं तिनं मिलच्या वायंडिंग खात्यात बॉबिनवर सूत गुंडाळलं. घरात दुसरं माणूस नव्हतं. शेळी हलवायला तिच्याकडं जागा नव्हती, आणि असती तरी तिनं हलवली नसती.

काल संध्याकाळी ती महादेवप्पाच्या बायकोकडं गेली होती. "काशम्मा, परसात राख पसरू देता?"

"पसर की. माझं काय जातंय? ह्यांना सांगू नको फक्त. कुंपण घातल्यापासनं रोज काटे मोजतेत."

चुलीची राख चाळणीनं चाळून शिवबाईनं वाफ्यांच्या कडेनं हातभर रुंद पट्टा पसरला होता. आता त्या पट्ट्यावर ठसे उमटले होते. खुराचा एकही नव्हता. बारीक बोटांची जोडीजोडीनं पावलं होती, आणि मधून ओढत नेलेल्या शेपटीची रेघ.

महादेवप्पा कपाळाला भस्म लावून, टॉवेल डोक्याला गुंडाळून बाहेर आला. तिला आत बघून थबकला. "कुणी घेतलं गं आत हिला?"

"मीच," दारातून काशम्मा म्हणाली. "काट्यांनी अडवली न्हाय वाटतं."

"अप्पा, हात पुढं करा," शिवबाई म्हणाली.

"कशाला?"

"करा की. चावत न्हाय मी."

तिनं त्याच्या तळहातावर दोन देठ ठेवले. एक घेवड्याचा, एक कोबीचा. "डोळे मिटा आणि अंगठा फिरवा."

महादेवप्पा त्याच मिलमध्ये सव्वीस वर्षं जॉबर होता, मागांवरच्या कामगारांचा मुकादम. सूत ताणानं तुटलं की टोकाला कुसं राहतात, कापलं की टोक साफ असतं. कामगारानं मुद्दाम कापलं की आपोआप तुटलं, हे तो अंगठ्यानं ओळखायचा आणि त्यावरून माणसं घरी पाठवायचा. डोळे न मिटताच त्याचा अंगठा आपसूक फिरला. मग थांबला. मग पुन्हा फिरला.

"शेळीला वरचे पुढचे दात नसतेत, अप्पा. ती पाला ओढून तोडते, धागे राहतेत. हा घेवडा तिनंच खाल्लाय. हा आणि शेजारचा, दोन वेल. ते मी कबूल करते. पण ह्या कोबीचा काप बघा. तिरपा, ब्लेडनं मारल्यासारखा. असले चौदा हायत. ते माझ्या शेळीचे न्हाईत."

"मग कुणाचे?"

"या माझ्या मागनं."

ती राखेतल्या रेघेमागं चालू लागली. रेघ कुंपणाकडं गेलीच नाही. ती उलटी, घराकडं वळली आणि मोरीजवळच्या जळणाच्या ढिगाखाली शिरली. शिवबाईनं चार लाकडं बाजूला केली. नारळ जाईल एवढं बीळ, तोंडाशी ताजी माती, आणि मातीत सुकत पडलेलं कोबीचं रोप.

"घूस," ती म्हणाली.

काशम्मानं तोंडावर पदर धरला. "आणि हे काटे लावतेत बाहेरच्या बाजूला! पाहुणा तर आपल्याच मोरीत जेवतोय."

महादेवप्पानं पायानं ताजी माती बिळात ढकलली. "ठीक हाय. राहू दे तुझी शेळी. बांधून ठेव मात्र."

"बांधते. दोन वेलांसाठी बांधते. चौदा रोपांसाठी न्हाय."

"तेच ते."

"तेच न्हाय, अप्पा. तुमी नळावर बोललात. नळावरच परत घ्या."

"हितं म्हणालो की आता. तुझ्यासमोर, हिच्यासमोर."

"बुधवारी आमी दोघीच ऐकत न्हवतो."

"लई ताठा हाय तुला, शिवबाई."

"व्हय. हाय."

महादेवप्पानं टॉवेल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. अजून दोन्ही देठ त्याच्या मुठीत होते. त्यानं बायकोकडं बघितलं. ती बिळावर पाणी ओतायला घागर उचलत होती आणि त्याला सोडवायला येणार नव्हती.

"सांगीन उद्या," तो म्हणाला.

"घेवड्याचे वेल मी लावून देते," शिवबाई म्हणाली आणि हात झटकून कुंपणाबाहेर पडली. दुपार झाली तेव्हा काबरी त्याच खुंटीला होती. संध्याकाळी गल्लीच्या रिवाजाप्रमाणं सकाळच्या पाण्यासाठी नळावर रिकाम्या घागरी रांगेत लागल्या.

उद्या सोमवार. नळाला पाणी पावणेसहाला येतं आणि पहिल्या पाळीचा भोंगा साडेसहाला होतो. रांगेत पहिली घागर महादेवप्पाची आहे, दुसरी शिवबाईची.