लग्नसराईतली केमो

लग्नसराई संपली की आमच्या बँडच्या दुकानात संध्याकाळी सगळे नुसते बसून असतात. मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला आमचं एका शटरचं दुकान आहे. ढोल कोपऱ्यात, लाल कोट खिळ्यांना टांगलेले, आणि मध्ये चहा. आधी तिथं वरातींचे किस्से चालायचे. कुठं घोडी बिथरली, कुठं नवरदेवाचा काकाच नाचता नाचता आडवा झाला. आता मात्र कोणी नवा माणूस येऊन बसला की हे लोक माझ्याकडं बोट दाखवतात. "सुऱ्याले विचारा, त्याच्यापाशी लय माल आहे."

सुऱ्या म्हणजे मी, सूरज. वय चोवीस, ट्रम्पेट वाजवतो. मला कॅन्सर झाला होता, त्याचा हा माल. जपून असं मी काही ठेवलं नव्हतं. आजारी माणसाच्या आजूबाजूला सगळे एवढे जपून वागतात की काही ना काही गंमत होतेच, आणि ती साठत जाते.

*

सुरुवात कॉलरपासून झाली. आमच्या कोटाची कॉलर बंद गळ्याची आहे. एक दिवस माझं वरचं हूक लागेना. ढोलवाले शब्बीर चाचा म्हणाले, फुंकून फुंकून मान जाड झाली, कॉलर सैल करून आण. मलाही ते पटलं. टेलरकडून कॉलर सैल करून आणली, तर काही दिवसांनी तीही घट्ट व्हायला लागली.

तेव्हा आमच्या मास्तरांनी मला दुकानाबाहेर उजेडात उभं केलं. बँड त्यांचा, आणि मी शाळेत असताना मला ट्रम्पेट शिकवला तोही त्यांनीच. मानेवरून हात फिरवून म्हणाले, "मी जिंदगीभर फुंकून राह्यलो. फुंकल्यानं गाल लोंबतात बे, मान नाही सुजत."

दुसऱ्या दिवशी तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. तिथून अकोल्याला पाठवलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि लिम्फोमा हे नाव घेऊन परत आला. डॉक्टर म्हणाले, बरा होणारा आजार आहे, पण सहा महिने केमो घ्यावी लागेल. आई बाहेरच्या बाकावर बसली ती उठेना. मास्तर तिच्याशेजारी बसून राहिले. धीर वगैरे त्यांनी दिला नाही, त्यांना ते जमत नाही.

परतीच्या गाडीत मात्र त्यांचं तोंड सुटलं. अकोल्यापासून मलकापूर येईपर्यंत त्यांनी त्या टेलरला शिव्या घातल्या.

*

बातमी दुकानात कळली त्या संध्याकाळी कोणी कोट झटकत होतं, कोणी ढोलाच्या दोऱ्या ओढत होतं. शेवटी आमच्यातल्याच एका पोरानं हळूच विचारलं, हे तोंडावाटे दुसऱ्याला लागतं का? त्याचंही चूक नव्हतं. बँडमध्ये एकमेकांची वाद्यं सगळेच तोंडाला लावतात.

मास्तर उठले. माझा ट्रम्पेट उचलला, पुसलासुद्धा नाही, आणि पाठवणीच्या वेळी आम्ही वाजवतो ती सगळी चाल सावकाश वाजवली. मग तो माझ्या मांडीवर ठेवला.

"रोग-बिग काही नाही याले," म्हणाले. "वरचा सूर तेवढा खराब करून ठेवला तू. साफ करत जाय."

ज्यानं विचारलं होतं तो पोरगा पुढच्या प्रत्येक केमोला मला स्टेशनवर सोडायला आला. पिशवी एकदाही माझ्या हातात दिली नाही.

*

केमोतल्या एका औषधाचा फुप्फुसांना त्रास होऊ शकतो, म्हणून आधी ती तपासायची होती. एका खोलीत मशीन, मशीनला नळी, आणि नळीपाशी एक कंटाळलेला माणूस. दिवसभर दमेकऱ्यांना ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. मला म्हणाला, मोठा श्वास घ्या, नळी तोंडात धरा आणि मी सांगेपर्यंत फुंकत राहा.

मी फुंकायला लागलो. तो सवयीनं "अजून, अजून, अजून" म्हणत होता. मग त्याचं अजून संपलं, तरी माझी फुंक चालूच. त्यानं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसला. विचारलं, करता काय तुम्ही? मी सांगितलं, बँडमध्ये ट्रम्पेट.

बाहेर मास्तर घाबरून येरझाऱ्या घालत होते. एवढा वेळ लागला म्हणजे काहीतरी बिघडलं, असं त्यांनी धरलं होतं. मी म्हणालो, टेस्ट चांगली आली, पण मे महिन्यात त्या मशीनवाल्याच्या साळ्याचं लग्न आहे, तारीख रिकामी आहे का विचारून राह्यला.

*

डॉक्टरांनी गर्दीत जायला बंदी केली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साधी सर्दीही महागात पडते. मी म्हणालो, डॉक्टर, मी गर्दीत नसतो, गर्दीच्या पुढं असतो. ते मनापासून हसले. तरी नाहीच म्हणाले.

भर लग्नसराईत घरात बसून मी इतका चिडचिडा झालो की शेवटी आईनंच मास्तरांना निरोप धाडला. मास्तरांनी मार्ग काढला. स्पीकरच्या टेम्पोत पुढं केबिनमध्ये मला बसवायचं, काचा वर, तोंडाला मास्क, आणि मांडीवर आवाज कमीजास्त करायचा मिक्सर. डॉक्टरांना विचारलं, तेही कसेबसे हो म्हणाले.

नांदुऱ्याकडच्या एका लग्नात वरात मांडवापाशी आली. सगळे नाचत होते आणि मी एकटा काचेआड. डोक्यावरचे केस गेलेले, भुवया गेलेल्या, टोपी खाली ओढलेली. कोणीतरी मधूनमधून येऊन मला पाण्याची बाटली विचारून जात होतं. नवरीच्या काकांनी हे सगळं पाहिलं आणि ओळखलं की हा नवरदेवाकडचा जावई आहे, आणि रुसलेला आहे.

दोन म्हातारे सोबत घेऊन ते हात जोडून खिडकीपाशी आले. मागं स्पीकर गरजत होता, मला एक अक्षर ऐकू येईना. वाटलं, आवाज वाढवू का विचारत आहेत. मी मान हलवून नाही म्हटलं. ते आणखी घाबरले. पळत जाऊन शेला, टोपी, नारळ घेऊन आले. काच खाली करायला लावली, मला कुंकू लावलं, शेला घातला, आणि काही चुकलं असेल तर पोटात घाला म्हणाले.

खरा जावई तोवर वरातीत मजेत नाचत होता. त्यानं हे पाहिलं, आणि नाच सोडून कडुनिंबाखाली जाऊन बसला.

*

दर केमोनंतर काही दिवस मला फोडणीचा वास सहन व्हायचा नाही. एकदा आईनं कढईत लसूण टाकला आणि मी मोरीकडं धावलो. त्या दिवसापासून घरात फोडणी बंद झाली. साधं वरण, उकडलेला दोडका, भात. माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत, तिखटाशिवाय त्यांना घास उतरत नाही. पण ते मुकाट जेवायचे. वर म्हणायचे, हेच बरं असतं, पोटाला हलकं.

एका संध्याकाळी ते कामावरून येऊन माझ्याजवळ बसले. केमोनं माझं नाक फार तिखट करून ठेवलं होतं. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही ठेचा खाल्ला."

बाबांचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला. मग कबूल केलं की शब्बीर चाचांच्या घरी थांबून खाऊन येतात, चाची आग्रह करते. आई आतून पदराला हात पुसत आली. मला वाटलं, आता बाबांचं काही खरं नाही.

"कळण्याच्या भाकरीसंग का?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाले, हाव.

दुसऱ्या दिवसापासून दोघं मिळून जायला लागले.

*

सगळ्यात जास्त वेळा मला सांगायला लावतात तो किस्सा वैशाली सिस्टरचा.

अकोल्याच्या केमोच्या वॉर्डात सुई लावायचं काम त्यांच्याकडं होतं. माझ्याहून थोड्याच मोठ्या, मोताळा तालुक्यातल्या, त्यामुळे माझ्याशी गावाकडचं बोलायच्या. सुरुवातीला काही अडचण नव्हती. पुढं औषधानं हाताच्या शिरा कडक होत गेल्या, मग दिसेनाशाच झाल्या. त्या रबर बांधायच्या, गरम पिशवी ठेवायच्या, दोन बोटांनी मनगटावर टपटप मारायच्या. "मूठ आवळ. सोड. आवळ." एकेका शिरेसाठी बराच वेळ जायचा.

एक दिवस काहीच सापडेना. दोन्ही हातांना टोचून झालं. मी खिडकीकडं तोंड करून बसलो, म्हणजे डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसू नये. त्यांनी रबर सोडलं आणि पडद्याआड गेल्या. आत नळ चालू झाला तो बराच वेळ चालू होता. परत आल्या तेव्हा तोंड ओलं होतं. "दे बरं तो हात," म्हणाल्या, आणि या वेळी सुई लागली.

केमो संपली. स्कॅन साफ आला. डॉक्टरांनी हळूहळू वाजवायची परवानगी दिली.

पुढच्या लग्नसराईत मोताळ्याकडं एक दुपारचं लग्न होतं. बुकिंग नवरदेवाकडचं, नवरी कोण ते आम्हाला माहीत नव्हतं. वरात मांडवाला लागेपर्यंत मी दमलो होतो, म्हणून लग्न लागल्यावर मांडवाच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसलो. थोड्या वेळानं नवरा-नवरी देवाच्या पाया पडायला निघाले. माझ्यासमोर आल्यावर नवरी थांबली.

शालू, मुंडावळ्या, चेहऱ्यावर मेकअप. मी ओळखलंच नाही. माझे केस परत आले होते, तरी तिनं मला ओळखलं. कसा आहेस वगैरे तिनं काही विचारलं नाही. माझा डावा हात घेतला, लाल कोटाची बाही वर सारली आणि दोन बोटांनी मनगटावर टपटप मारलं. कोपरापर्यंतचा हिरवा चुडा किणकिणत होता. शेल्याची गाठ बांधलेली, त्यामुळं नवरदेवालाही तिथंच उभं राहावं लागलं. मागं सगळं वऱ्हाड थांबलं.

नवरदेवानं विचारलं, ओळखीचे आहेत का?

तिनं एका शिरेवर बोट ठेवलं. माझ्या हातावरची नजर काढली नाही.

"आली पाह्य वर," ती म्हणाली.