सरमदची अर्धी लाथ

सरमद दारातून आत आला की हाजी मुनव्वर तोंडानं सलाम घ्यायचे आणि हातानं टोकनांच्या डब्याचं झाकण लावायचे. त्यात वैर बिलकूल नव्हतं. डबा उघडा ठेवून उपयोगच नसायचा, म्हणून लावायचे.

इछऱ्याच्या बाजारात, कापडाच्या गल्लीच्या मागल्या अंगाला हाजींचं गेमचं दुकान. मारामारीच्या खेळाची जुनी मशीनं, पुढ्यात दोन-दोन स्टुलं, आणि छताला एक पंखा, जो हवेपेक्षा आवाज जास्त द्यायचा. रिवाज सगळ्या लाहोरात असतो तोच. जिंकेल तो बसून राहतो, हरेल तो उठतो; पुन्हा बसायचं तर नवं टोकन घ्यायचं. म्हणजे दुकान चालतं ते हरणाऱ्यांच्या जिवावर. पण हरणाऱ्यालाही, पुढच्या खेपेला आपण याला लोळवू, असं निदान वाटायला तरी पाहिजे की नाही? सरमदच्या शेजारी बसून कुणाला तसं वाटेनासं झालं होतं.

हा सरमद दिवसभर मेहुण्याच्या दुकानात लॉनचं तलम सुती कापड मोजून फाडायचा. तिशी उलटलेली, अंगानं काटकुळा, बोलायला सुद्धा कंजूष. गिऱ्हाईक बाई म्हणाली, भाईजान हा रंग मला शोभेल का, तर हा खाली मान घालून म्हणायचा, कापड चांगलं आहे. मेहुणा कपाळाला हात लावायचा. पण तोच माणूस मशीनच्या दांडीवर हात ठेवायचा आणि पडद्यावरचा पैलवान असा काही उड्या मारायचा की बघणाऱ्याचा घास तोंडातच राहावा.

त्याला हरवायला लोकांनी काय काय नाही केलं! एकानं मनगटाला तावीज बांधून आणला. शाहदऱ्याचा एक तालेवार गडी तर पैज घेऊन आला, की सरमदनं उजव्या हातात चहाचा कप धरायचा आणि एकट्या डाव्या हातानं खेळायचं. सरमद खेळला. जिंकला. चहाचा थेंब सांडला नाही. दुकानात असा काही हशा पिकला की समोसेवाला कढई सोडून बघायला आला. शाहदऱ्याचा गडी सुद्धा हसला, हात मिळवून गेला, आणि पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. सरमद मात्र पुढे कितीतरी दिवस दाराकडं बघायचा. त्या चहाच्या कपापायी आपण एक खेळणारा घालवला, हे त्याला फार उशिरा उमजलं.

होता होता सगळेच पांगले. शेवटी हाजींनी त्याला जवळ बसवलं आणि प्रेमानंच सांगितलं.

"पुत्तर, वाईट वाटून घेऊ नकोस. लोक हरायला तयार असतात. पण रोज त्याच माणसाकडून हरायचं तर त्याला घरी बायको आहे की. तू जरा कोपऱ्यातल्या मशीनवर बसत जा."

सरमद कोपऱ्यात बसू लागला. शेजारचं स्टूल रिकामं. मशीनशी खेळणं म्हणजे भिंतीशी कुस्ती. भिंत पडत नाही आणि पाडतही नाही. ज्यानं कुस्ती केली आहे त्याला ठाऊक असतं, पैलवानाला खुराक कमी पडला तर चालतो, जोड नसली तर तो वाळतो. सरमद तसा वाळत चालला होता.

मग त्यानं लिहायला घेतलं.

पंजाबभरच्या खेळणाऱ्यांचा फोनवर एक कट्टा होता. लाहोर, मुलतान, सियालकोट, कुठकुठले लोक तिथं येऊन बढाया मारायचे. तिथं 'मामूली' नावाचा एक माणूस उगवला आणि डाव सांगू लागला. नुसते डाव नव्हेत, डावाचे उतारे. हा ठोसा आला तर खाली बसा. ही उडी दिसली तर पुढं जाऊ नका, अर्धं पाऊल मागं घ्या. इछऱ्याचा तो सरमद आहे ना, तो डावीकडून दोनदा मारतो आणि तिसऱ्यांदा थांबतो. त्या थांबण्यात त्याला धरा. स्वतःच्याच मानेवर कुठं मारायचं ते माणूस खूण करून दाखवत होता!

आता गेमच्या दुकानांत असं कुणी करत नसतं. प्रत्येक दुकानाचे डाव वेगळे आणि ते त्या दुकानातच राहायचे. सरमदचा लहानपणापासूनचा दोस्त तौक़ीर याला मामूली कोण ते लगेच कळलं, आणि तो तणतणत आला. म्हणाला, घरभेद्या, हलवाई कधी पाक कसा धरायचा ते दारावर लिहून ठेवतो का?

"गिऱ्हाईकच येईना तर लिहीलही," सरमद म्हणाला.

तौक़ीरला ते पटलं नाही. बाकीच्यांनीही आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं, याला नाव पाहिजे. कुणी म्हणालं, नाव पाहिजे असतं तर खोटं नाव कशाला घेतलं असतं, याला अंगठे पाहिजेत. फोनवर अंगठे मोजत झोपत असेल. हाजींचं म्हणणं, हज करून आल्यावर माणूस जसं जवळचं वाटून टाकू लागतो तसं हा वाटून टाकतो आहे, पुण्याचं काम आहे, बोलू नका. खरी गोष्ट फार साधी होती. त्याला शेजारच्या स्टुलावर माणूस हवा होता. माणूस सापडत नव्हता, म्हणून तो घडवायला निघाला होता.

सगळं दिलं त्यानं. फक्त एक सोडून.

त्याचा उस्ताद मक़सूद म्हणून होता. बाप-आजे आखाड्यातले, हा मशीनवरचा. यकृतानं गेला बिचारा. शेवटच्या दुखण्यात त्यानं सरमदला खाटेजवळ बोलावून एक डाव सांगितला होता. पैलवानाची लाथ एकदा निघाली की ती पुरी होणारच, असं सगळे धरून चालतात. पण निघाल्या निघाल्या डोळ्याचं पातं लवायच्या आत दांडी मागं खेचली, तर लाथ अर्ध्यावर विरते. समोरचा लाथ अडवायला ताठ उभा राहिलेला असतो, आणि तेवढ्यात त्याला कमरेत धरून आपटायचं. मक़सूद म्हणाला होता, बाकी सगळं वाट, हे वाटू नकोस. उस्तादाच्या मुठीत एक डाव शिल्लक पाहिजे, नाहीतर शागीर्द त्याला उस्ताद म्हणत नाही. सरमदनं मान डोलावली होती. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द; तो त्यानं पाळला.

लिहिलेलं लोक वाचायचे, वाहवा करायचे आणि विसरायचे. गुजरांवाल्याचा रियासत अली तसा नव्हता. पंख्यांच्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळणारा माणूस. त्याच्या गावातलं गेमचं दुकान मोडून तिथं मोबाइलची कव्हरं विकायला लागले होते, म्हणून चुलतभावाकडच्या जुन्या यंत्रावर हात चालवायचा. मामूली म्हणजेच सरमद हे त्यानं वाचता वाचताच ओळखलं आणि पहिलाच प्रश्न असा विचारला: "भाई, तिसऱ्या ठोशाला तुम्ही थांबता, तेव्हा तुम्हाला कशाची भीती वाटते?"

सरमद तेव्हा दुकानात होता. अर्धं फाडलेलं कापड हातात, बाई समोर उभी, आणि हा फोनकडं बघतोय. असं त्याला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. जिंकायचं कसं हे सगळेच विचारतात.

त्या दिवसापासून दोघांचं लिहिणं सुरू झालं ते सुरूच राहिलं. रियासत विचारायचा, सरमद पानभर सांगायचा. दोन ओळीत भागेल तिथं वीस ओळी लिहायचा. मेहुणा म्हणायचा, गिऱ्हाइकाशी इतकं बोलला असतास तर आज दुसरं दुकान काढलं असतं आपण. फोनवरून एकमेकांशी खेळायची सोय होती, पण तिचा भरवसा नव्हता. लाहोरात उचललेला पाय गुजरांवाल्यात पोचेपर्यंत चहावर साय धरायची. शेजारी शेजारी बसल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्याबद्दल फारसं बोलत नव्हते.

एका रविवारी रियासत भाड्याच्या प्रवासी वॅगनमधून उतरला आणि विचारत विचारत हाजींच्या दुकानात आला. पोट सुटलेला, हसरा, बोटांना तारेच्या चिरा पडलेला. एका हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली नवी कोरी पगडी. शागीर्द उस्तादाकडं जातो तसा रीतसर आला होता.

सरमद पगडीला हातच लावेना. त्याचं तोंड उतरलं. इतकी वर्षं वाट बघितली ती काय पाया पडणाऱ्याची?

"मी कुणाचा उस्ताद नाही," तो म्हणाला. "जोड म्हणून आला असशील तर बस."

रियासतनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग मिठाई हाजींकडं दिली, पगडी मशीनच्या डोक्यावर ठेवली आणि स्टूल ओढून बसला. हाजींनी डब्याचं झाकण काढलं.

आणि काय खेळले महाराज दोघं! सरमदनं डावीकडून दोनदा मारलं, तिसऱ्यांदा थांबला, आणि रियासतनं त्या थांबण्यातच त्याला उचलून आपटला. कट्ट्यावर दोन हजार लोकांनी जे नुसतं वाचलेलं होतं, ते पहिल्यांदा कुणीतरी करून दाखवलं. सरमद हरला. हरल्यावर तो असा हसला की तौक़ीरला वाटलं याला भूत लागलं. नियमाप्रमाणं उठला, टोकन घेतलं, परत बसला. मग जिंकला. मग रियासत. कोपऱ्यातल्या मशीनभोवती सगळं दुकान गोळा झालं. समोसेवाला या वेळी कढई घेऊनच आला असता, पण पोराच्या हवाली करून आला. कितीतरी वर्षांनी सरमदच्या तळव्याला घाम फुटला होता. तो सारखा विजारीला हात पुसत होता आणि त्याचंही त्याला सुख वाटत होतं.

शेवटच्या डावाला दोघंही मरणाच्या दारात. एक ठोसा ज्याचा बसेल त्याचा खेळ. सरमदला हरलं तरी चालणार होतं, हे लक्षात घ्या. हरणंच हवं होतं म्हटलं तरी चालेल. पण हात आपल्याला विचारून थोडाच चालतो! त्याच्या पैलवानाची लाथ निघाली, रियासत ती अडवायला ताठ झाला, आणि दांडी मागं आली. लाथ अर्ध्यावर विरली. रियासतचा पैलवान कमरेतून आपटला गेला.

दुकान दणाणून गेलं. तौक़ीरनं सरमदच्या पाठीत धपाटा घातला. रियासत पडद्याकडं बघतच नव्हता. तो सरमदच्या हाताकडं बघत होता.

"हे लिहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मला आधी वाटलं, माझंच वाचायचं राहिलं."

सरमदनं सांगायचा प्रयत्न केला. मक़सूद, खाट, दिलेला शब्द. एका वाक्याला दुसरं लागेना. रियासतनं सगळं शांतपणं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, की तोंड वाकडं केलं नाही.

"भाई, उस्ताद एक डाव राखतो, ते रीतीला धरूनच आहे," तो म्हणाला. "पण आल्या आल्या तुम्हीच मला म्हणालात, तुम्ही उस्ताद नाही."

 सरमद म्हणाला, अजून एक खेळू, टोकन मी घेतो. रियासत म्हणाला, वॅगन सुटेल. खरं म्हणजे गुजरांवाल्याच्या वॅगनी दिवसभर सुटतात. सगळ्यांशी हात मिळवून, हाजींची दुवा घेऊन तो निघाला. दारात वळला, छातीला हात लावला आणि म्हणाला, "येतो, उस्तादजी."

पगडी मशीनवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सरमद कापडाच्या दुकानात गेला नाही. बसून त्यानं अर्धी लाथ लिहून काढली. दांडी कधी खेचायची, बोट कसं ठेवायचं, डोळा कुठं ठेवायचा, आणि सगळ्यात शेवटी, हिचा उतारा काय. मक़सूदचं नाव घातलं आणि त्याची माफीही मागितली. कट्ट्यावर नुसती दिवाळी झाली. मुलतानवाल्यांनी शेर लिहिले, सियालकोटच्या कुणी म्हटलं, मामूलीला आमच्यातर्फे बकरा. सरमद त्या गर्दीतून एकच नाव शोधत राहिला. ते काही दिवसांनी आलं.

"शुक्रिया, उस्तादजी."

बस, एवढंच. प्रश्न नव्हता. नंतर सरमदनं स्वतःहून काही काही लिहून पाठवलं, मुद्दाम अर्धवट ठेवून, कुठंतरी खोच राहील असं. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं, तितकंच अदबशीर. मग सरमदनंच लिहिणं थांबवलं. माणूस रागावला असता तर त्याचा राग घालवता आला असता; मान देणाऱ्याला कसं समजवायचं?

हाजींचं मात्र भलं झालं. जो तो अर्धी लाथ शिकला आणि जो तो ती सरमदवरच करून बघायला येऊ लागला. कोपऱ्यातल्या मशीनला रांग लागली, डब्याचं झाकण कुठं गेलं ते हाजींना आठवेना. सरमद आता जिंकायचा तसा हरायचाही. तौक़ीर म्हणायचा, झालं ना तुझ्या मनासारखं, आता तरी तोंड नीट कर. सरमद हो म्हणायचा आणि मशीनवरची पगडी जरा बाजूला सरकवून बसायचा. हाजी तिच्यावरची धूळ झटकायचे; ती घरी ने असं त्यांनी त्याला एकदाच म्हटलं.

मध्यंतरी बँकेत नोकरी करणारा एक तरणाबांड गडी समनाबादहून आला. इस्त्रीचे कपडे, बाह्या दुमडलेल्या. त्यानं सरमदला अर्ध्या लाथेवर असा स्वच्छ आपटला की हाजींच्या तोंडून माशाअल्ला निघून गेलं. सरमद उठला. गड्याला त्याची दया आली असावी.

"चाचा, तुम्ही फोनवर वाचत जा ना," तो म्हणाला. "मामूली म्हणून कुणीतरी आहे. सगळं लिहून ठेवलंय त्यानं. कशासाठी लिहितो अल्ला जाणे, पण काही म्हणून बाकी ठेवलेलं नाही."

"त्याला कुणी काही विचारतं का?" सरमदनं विचारलं.

"विचारायचं कशाला?" गडी म्हणाला. "सगळं तर लिहिलेलंच आहे."

सरमदनं मान हलवली आणि टोकन घ्यायला रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.